जिवंत परतलेल्यांचे ऋण

युद्धपट संपतो, पडद्यावर धारातीर्थी पडलेल्यांची नावे सरकू लागतात आणि प्रेक्षक डोळे पुसत उठतो. त्या क्षणी त्याच्या मनात दोन भावना एकत्र नांदत असतात. एक दुःखाची, आणि दुसरी, जरा बारकाईने पाहिल्यास, समाधानाची. ज्यांनी आपल्यासाठी प्राण वेचले त्यांना आपण आज आठवले, त्यांच्यासाठी दोन आसवे गाळली, असे त्याला वाटत असते. त्या दुःखाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. त्या समाधानाविषयी मात्र आमच्या मनात बरीच वर्षे एक शंका घर करून आहे. सैनिकाच्या त्यागाचे वास्तव चित्रण करणारा चित्रपट पाहून आपण त्याचे ऋण मान्य करतो, की ते फिटले अशी स्वतःची समजूत घालून घेतो? हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बीदरच्या माणसाला सैनिक परका नाही. हवाई दलाच्या तळावरून उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकांच्या विमानांचा आवाज आपल्या कित्येक पिढ्यांच्या सकाळींत मिसळून गेला आहे. 'सूर्यकिरण' हे कसरती करणारे पथक १९९६ मध्ये याच तळावर उभे राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळुरूजवळ येलहंका येथे सराव चालू असताना या पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक मृत्युमुखी पडला. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, पार्श्वसंगीतही नव्हते. आपण वर्तमानपत्र वाचले, हळहळलो, आणि आठवडाभरात विसरलो. आकाशातला आवाज रोजचा असला की त्या आवाजात बसलेला माणूस दिसेनासा होतो.

आपल्या घरांतील जुन्या आठवणींचेही असेच आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात आले. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागांतल्या मराठी घरांत 'पोलीस ॲक्शन'ची कथा आजही सांगितली जाते. लष्कर आले, रझाकार पळाले, गाव सुटले, असे त्या कथेचे टप्पे ठरलेले असतात. त्यात सैनिकाचे नाव मात्र कधी ऐकू येत नाही. तो कोठला होता, धडपणे घरी पोचला का, हे आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. त्या दिवसांत आणि त्यानंतर आपल्याच भागातील निरपराध मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले तेही या कथेच्या बाहेरच राहिले. स्मरण सोयीचे तेवढे ठेवते आणि अडचणीचे गाळते. युद्धपट हेही समाजाचे स्मरणच असल्याने तो काय ठेवतो आणि काय गाळतो, हे पाहणे अगत्याचे ठरते.

आपल्या पिढीने सर्वाधिक डोळे भरून पाहिलेला युद्धपट म्हणजे जे. पी. दत्ता यांचा १९९७ चा 'बॉर्डर'. राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवाला ठाण्यावर ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली पंजाब रेजिमेंटच्या तेविसाव्या पलटणीतील सुमारे १२० जवानांनी ते ठाणे रात्रभर लढवले. उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी उघड्या वाळूत अडकलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडवली. प्रसंग खरा, ठिकाण खरे, पात्रांपैकी अनेकांची नावेही खरी. या चित्रपटामागचे दुःखही खोटे नव्हते. दिग्दर्शकांचे बंधू हवाई दलात वैमानिक होते आणि विमान अपघातातच गेले. त्यामुळे हा केवळ गल्ल्याचा खेळ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही एका गोष्टीपाशी आमचे पाऊल अडखळते. त्या रात्री ठाण्यावरील पंजाब रेजिमेंटचे दोन जवान कामी आले. चित्रपटात मात्र एकामागून एक वीर पडत जातात. त्यांत सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग हे पात्र आहे. पडद्यावर ते हौतात्म्य पत्करते आणि प्रेक्षागृह हुंदके देते. प्रत्यक्षात भैरोसिंग राठोड त्या लढाईतून जिवंत परतले. १९७२ मध्ये त्यांना सेना पदक मिळाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यावर, जोधपूरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. चित्रपट आला त्यानंतरही पंचवीस वर्षे हा मनुष्य आपल्यासारखाच उठत होता, जेवत होता, म्हातारा होत होता, आणि लाखो प्रेक्षकांच्या मनात तो केव्हाच मेलेला होता.

येथे कोणी म्हणेल की चित्रपट हा काही इतिहासाचा ग्रंथ नव्हे. तीन तासांत एका युद्धाची सगळी वेदना दाखवायची तर अनेकांचे मरण थोड्या पात्रांवर लादावे लागते. आक्षेप रास्त आहे. शाहीर पोवाडा रचतो तेव्हाही तो पटावर सही करणारा कारकून नसतो. प्रत्येक तपशिलाची मोजदाद करून कलाकृतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न प्रेक्षकाच्या मनाविषयी आहे. जिवंत राहिलेल्या वीराला मारल्यावाचून आपल्याला त्याचा गौरव पुरेसा का वाटत नाही? दोन माणसे गेली आणि शंभरावर माणसे त्या रात्रीची धडधड छातीत घेऊन परतली, या सत्यात आपल्याला रडण्याजोगे काहीच का सापडत नाही?

याचे उत्तर फारसे भूषणावह नाही. मेलेला वीर आपल्याकडे काही मागत नाही. त्याच्या तसबिरीला हार घातला, वर्षातून दोनदा भाषण केले, की भागते. परतलेला वीर मात्र मागतो. त्याला निवृत्तिवेतन लागते, औषध लागते, मुलाला नोकरी लागते. कधी तो दारू पितो, कधी घरात ओरडतो, कधी रात्री दचकून उठतो. तो आपल्या कल्पनेतल्या वीराशी जुळत नाही. म्हणून मेलेल्याला देव्हाऱ्यात बसवणे सोपे, आणि जिवंताला ओसरीवर बसवून घेणे अवघड.

परतलेल्याविषयीचा हा अवघडलेपणा कोठवर जातो, हे १९६२ च्या युद्धात दिसले. लडाखमधील रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कुमाऊँ रेजिमेंटच्या तेराव्या पलटणीची एक तुकडी मेजर शैतानसिंग यांच्या हाताखाली लढली. सुमारे १२० जणांपैकी शंभराहून अधिक जण तेथेच पडले. जे मोजके वाचले त्यांनी शेवटच्या माणसापर्यंत झुंज झाल्याचे सांगितले, तेव्हा सुरुवातीला अनेकांचा त्यावर विश्वासच बसला नाही. पुढे १९६३ च्या आरंभी एका मेंढपाळाला बर्फात गोठलेले देह दिसले. हातातली शस्त्रे तशीच होती. मग जगाला ते पटले. जिवंत साक्षीदाराच्या शब्दाला किंमत आली ती मृतांनी दुजोरा दिल्यावर. वाचून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा किती सोसावे लागते, याचा यापेक्षा कठोर दाखला आम्हांला ठाऊक नाही.

त्याच युद्धावर चेतन आनंद यांनी १९६४ मध्ये 'हकीकत' काढला. पराभवाला दोन वर्षे झाली नव्हती, जखम ओली होती. त्या चित्रपटात विजय नाही. मागे हटणारी, थकलेली, घरच्या पत्रांची वाट पाहणारी माणसे आहेत. तो आज पाहतानाही टिकून वाटतो, याचे कारण आमच्या मते असे की त्यातल्या सैनिकाला परतायचे आहे. त्याला मरणाची हौस नाही. वास्तवता म्हणजे रक्ताचा रंग हुबेहूब असणे, तुटलेला हात खरा वाटणे, एवढाच अर्थ अलीकडे घेतला जातो. ती बाह्य वास्तवता झाली, ती यंत्राने साधते. खरी वास्तवता सैनिकाच्या मनातल्या ओढीत असते. ज्याला घराची ओढ नाही, भीतीचा स्पर्श नाही, त्याने प्राण दिले तर त्याने नेमके काय दिले? जे प्रिय आहे तेच सोडण्याला त्याग म्हणतात. भीती काढून घेणारा चित्रपट वीराला मोठा करू पाहतो, आणि त्याच हाताने त्याचा त्यागही काढून घेतो.

या दृष्टीने आपल्याच राज्यातील एका मराठमोळ्या वीराची आठवण होते. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्समध्ये सेकंड लेफ्टनंट होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडे आडवी टाकलेली, वरून मारा चालू. पहिल्याच दिवशी सोबतचे जवान पडले आणि ते स्वतः जखमी झाले. तरीही ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस ते सुरुंग काढत आणि अडथळे उडवत पुढे सरकत राहिले. हे काम पडद्यावर फारसे देखणे दिसणार नाही. त्यात आरोळी नाही. गुडघ्यावर बसून, श्वास रोखून माती चाचपणे आहे. त्यांना परमवीरचक्र मिळाले ते हयात असताना. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना २१ परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत राण्यांचेही आहे. त्या २१ जणांपैकी सात जण आपापल्या युद्धांतून जिवंत परतले होते. पण परमवीर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर हार घातलेली तसबीरच येते. १९९९ मध्ये टायगर हिलवर लढलेले योगेंद्रसिंह यादव यांचा सन्मान तर प्रथम मरणोत्तर म्हणूनच जाहीर झाला. ते रुग्णालयात जिवंत आहेत हे नंतर कळले.

आपला इतिहास खरे तर परतलेल्यांचे मोल जाणणारा आहे. १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या मोहिमेत निजामाला नमवले. ते उदगीर १९५६ पर्यंत आपल्याच बीदर जिल्ह्यात होते. तेथल्या यशानंतर भाऊ उत्तरेला गेले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. पानिपतात पडलेल्यांसाठी मराठी मन अडीचशेहून अधिक वर्षे शोक करीत आले, ते योग्यच आहे. पण राज्याची घडी पुन्हा बसवली ती परतलेल्यांनी. राणेखान भिस्त्याने वाचवलेले महादजी शिंदे पायाने कायमचे अधू होऊन आले, आणि अकरा वर्षांत त्याच महादजींनी दिल्लीत पातशहाला पुन्हा तख्तावर बसवले. नाना फडणीसही पानिपताहून जीव वाचवूनच आले होते. त्यांना कोणी 'तुम्ही का परतलात' असे विचारून घरी बसवले असते, तर पुढची चाळीस वर्षे झाली नसती.

परतलेल्या सैनिकाचे काय होते, हे विचारण्याचे धैर्य एका मराठी कलावंताने दाखवले. नाना पाटेकर यांचा 'प्रहार' १९९१ चा. त्याच्या पूर्वार्धात कमांडो प्रशिक्षणाचे चित्रण इतके रोखठोक आहे की त्यात पाहणाऱ्याला दम लागतो. पण आमच्या मते त्याचे मोठेपण उत्तरार्धात आहे. पीटर नावाचा जवान ओलिसांच्या सुटकेत जायबंदी होऊन घरी परततो. मोहल्ल्यातले गुंड हप्ता मागतात, तो नकार देतो, आणि भर वस्तीत मारला जातो. शेजारी पाहत राहतात. त्याच्या लग्नासाठी आलेल्या मेजर चव्हाणांना लग्नाऐवजी त्याच्या मृत्यूची बातमी मिळते. सरहद्दीवर शत्रू ज्याला मारू शकला नाही त्याला त्याच्याच माणसांच्या मौनाने मारले. चित्रपटाचा शेवट, त्यातला हिंसेचा मार्ग, आम्हांला पटत नाही. पण त्याने बोट ठेवले ते नेमक्या जागी: प्रेक्षक म्हणून बसलेल्या आपल्यावर.

आपणही कोठल्यातरी ठाण्यावर नेमलेले असतो, हे 'बॉर्डर'च्या बाबतीत तर भयंकर रीतीने सिद्ध झाले. १३ जून १९९७ रोजी, चित्रपट प्रदर्शित झाला त्याच दिवशी, दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात तो चालू असताना तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली. धूर वर आला. जादा खुर्च्या बसवून बाहेरची वाट अडवलेली होती. ५९ माणसे गुदमरून मेली. पडद्यावर जवान आपले ठाणे सोडत नव्हते. पडद्याच्या मागे आणि खाली ज्यांच्याकडे वायर, दार आणि वाट यांची जबाबदारी होती त्यांनी आपापले ठाणे केव्हाच सोडलेले होते. त्यांनाही तो चित्रपट पाहून कदाचित गहिवरून आले असते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून हा लेख संपवता आला असता. पण ज्या शंकेने तो लिहावयास लावले तिचे मूळ आमच्याच टेबलापाशी आहे. १९९७ चा पावसाळा होता. आम्ही तेव्हा एका तालुक्याच्या कचेरीत नोकरीस होतो. 'बॉर्डर' जिल्ह्याच्या गावी लागला होता. आदल्या दिवशी आम्ही सहकुटुंब तो पाहून आलो होतो आणि कचेरीत सकाळपासून दुसरा विषय नव्हता. कोण कोठे रडले हे प्रत्येकजण सांगत होता, आम्हीही सांगितले. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर एक माजी सैनिक बसले होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, १९७१ च्या युद्धात लढलेले, आपल्याच बाजूच्या खेड्यातले. माजी सैनिकांसाठी असलेल्या जमिनीचा त्यांचा अर्ज आमच्याकडे होता. त्या कामासाठी ते निदान सहाव्यांदा आले असतील. कागद अपुरा नव्हता. आम्ही तो उघडून पाहिला नव्हता, इतकेच.

दुपारी त्यांना आत बोलावले. काम न करता बोलावल्याचा संकोच झाकण्यासाठी आम्ही विचारले, "मामा, पिक्चर पाहिलात की नाही?" ते उभेच होते. म्हणाले, "न्हाई साहेब. त्यो आवाज सोसत न्हाई." थोडे थांबून म्हणाले, "पोरं सांगत्यात, लई माणसं मरत्यात त्यात. आमच्यात त्या रात्री एकच गेला. पण माझ्या अंगावर गेला." आम्ही काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात या, असे सांगितले. त्यांनी टाच जुळवून सलाम केला आणि गेले.

तो सलाम आम्ही घेतला, ही गोष्ट आज अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ टोचते आहे. पुढे तीन दिवसांनी आम्ही ते प्रकरण पूर्ण करून वर पाठवले. काम अर्ध्या तासाचेच होते. नंतर आमची बदली झाली. जमीन त्यांना मिळाली का, याची चौकशी करणे आमच्या हातात होते, आणि ती आम्ही केली नाही. त्यांच्या तोंडचे ते दोन वाक्यांचे युद्ध आम्ही पाहिलेल्या तीन तासांच्या युद्धापेक्षा खरे होते. त्यात एकच मृत्यू होता आणि तो अजून संपलेला नव्हता. आदल्या संध्याकाळी ज्याच्यासाठी आम्ही रडलो तोच मनुष्य सकाळपासून आमच्या दाराबाहेर बसला होता, हे आम्हांला ओळखता आले नाही. पडद्यावर तो रुबाबदार होता. बाकावर त्याच्या हातात कापडी पिशवी होती.

म्हणून चित्रपट पाहू नयेत, रडू नये, असे आम्ही कसे म्हणू? रडू येणे हे मन जागे असल्याचे लक्षण आहे. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर अश्रू म्हणजे कागद मिळाल्याची पोच. पोच दिली म्हणजे प्रकरण निकाली निघाले, असे कोणताही जाणता कारकून मानीत नाही. काम तर तेथून सुरू होते. चांगला युद्धपट आपल्याला कर्जाची आठवण करून देतो, एवढेच त्याचे काम, आणि ते लहान नाही. फेड त्याच्याकडून होत नाही. ती चित्रपटगृहाबाहेर, आपापल्या टेबलाशी, दुकानात, गल्लीत, बँकेच्या खिडकीपाशी व्हायची असते.

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या गावांतून आजही जवान भरती होतात आणि निवृत्त होऊन परततात. त्यांच्यापैकी कोणाचा चित्रपट निघणार नाही. ते रांगेत आपल्या पुढे किंवा मागे उभे असतात. पुढच्या वेळी युद्धपट पाहून डोळे ओले झाले, तर वाचकांनी एक करावे. आपल्या गावातला, आपल्या ओळखीचा, जिवंत परतलेला एक माणूस मनाशी आठवून पाहावा, आणि त्याचे आपल्याकडे काही अडले आहे का, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन विचारावे. आम्ही हे करायला फार उशिरा शिकलो.